पानी चाबते

मावशीला पाणी चावतं हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो नव्हतो. बाकीचे हसले. माझ्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच आहे, म्हणून ते आधी लिहून टाकतो.

दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी तिच्या घरी राहतो. ती माझी सख्खी मावशी नाही. मी मूळचा जतकडचा. शाळा आठवीत सोडली आणि पुढे बोअरच्या गाडीवर लागलो. ही गाडी राज्याराज्यांतून जमिनीला भोकं पाडत फिरते, आणि गाडीवरच्या माणसाला आपण आज कुठल्या तालुक्यात झोपलो हे सकाळी विचारावं लागतं. आठ वर्षांपूर्वी, मी सव्वीसचा असताना, गाडी या गावात आली. मावशीच्या अंगणात बोअर मारायचा होता. बोअर संपला त्या दिवशी मला ताप भरला. मुकादम म्हणाला, बरा झालास की फोन कर. गाडी तेलंगणाकडे गेली आणि मी हिच्या ओसरीवर पडून राहिलो. टायफॉइड होता. अठरा-वीस दिवस तिने मला भाताची पेज भरवली, माझे कपडे धुतले, आणि मी शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाली, "लेका, तुह्या मायचा नंबर तरी सांग. कोनाचं लेकरू घरात ठेवलं ते मले माहीत नको?"

मी मुकादमाला फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

घरात दोघंच. काका दिग्रसला जिनिंगमध्ये, हंगामात सकाळी अंधारात जायचे आणि संध्याकाळी अंगभर कापूस घेऊन यायचे. मुलगी पुसदला दिलेली. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, संध्याकाळी वंदना. काकांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात अंगारा-धुपारा, उतारा असलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी भुताखेताचं बोलायला लागलं की म्हणायचे, "कोनी काही बी सांगन. आपन तपासल्याशिवाय मानाचं नाई." मला ते फार आवडायचं. आमच्याकडे लहानपणी माझ्या तापावर तीन वेळा कोंबडं उतरवलं होतं.

पुढे मी दिग्रसच्या एका मिस्त्रीकडे मोटारीचं काम शिकलो. बोअरमधून मोटार वर काढायची, केबलचा जोड मारायचा, स्टार्टर बसवायचा, परत सोडायची. आता स्वतःचं करतो. कागद माझ्याजवळ कसलाच नाही. गावातले मला इलेक्ट्रिशियन म्हणतात आणि तो शब्द ऐकला की मी विषय बदलतो. काम करून निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो, मेन स्विच बंद केला होता ना ते बघायला. लोक हसतात. "घाटावरचा आला पाह्य परत." असा मी. इतकं घाबरून काम करणाऱ्या माणसाच्या हातून जे झालं ते सांगतो.

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. काकांच्या घराच्या मागे, भिंतीपलीकडे, त्यांच्या चुलतभावाचं घर. सगळे त्यांना धाकले म्हणतात. धाकल्यांकडे दोन म्हशी, आणि मागे थोडा चारा आणि वांगी. त्यांच्या जुन्या बोअरवर एक लहान मोटार बसवायची होती, आणि लाईट घ्यायची होती मागून गेलेल्या शेतीच्या लाइनीवरून. आता लाईट म्हणजे काय, तर जायला एक तार लागते आणि परत यायला एक. परत येणारीला न्यूट्रल म्हणतात. त्या लाइनीची न्यूट्रल वादळात तुटली होती. लाइनमनने ती खांबाला गुंडाळून ठेवली आणि येतो म्हणून गेला, त्याला दोन वर्षं झाली.

"केसिंगले बांध ना," धाकले म्हणाले. "सगळेच बांधतात."

खरंच सगळेच बांधतात. केसिंग म्हणजे बोअरच्या तोंडाशी जमिनीत उतरवलेला लोखंडी पाइप, वरची माती आत ढासळू नये म्हणून असतो. मोटारीचं एक टोक फेजला, म्हणजे लाईट आणणाऱ्या तारेला, लावायचं आणि दुसरं या पाइपाला. लाईट तारेने येते आणि जमिनीतून परत जाते. आमच्या धंद्यात त्याला म्हणतात, जमीन पिते. माझ्या मिस्त्रीने मला हे शब्द शिकवले, त्याला त्याच्या मिस्त्रीने शिकवले असतील. मी तांब्याची तार केसिंगला आवळली, बुडाशी बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. मोटार गरकन फिरली. धाकल्यांनी पिशवीभर वांगी दिली. मावशीने त्यांची भाजी केली आणि मी दोनदा मागून घेतली.

जमीन पिते हे खरं नव्हतं. जमिनीला जसं जमेल तसं ती लाईट वाट काढून देते, आणि मधे लोखंड सापडलं तर मातीपेक्षा तिला लोखंड सोपं जातं. धाकल्यांच्या बोअरपासून आमच्या अंगणातल्या नळापर्यंत जमिनीखाली एक जुना लोखंडी पाइप होता. दोन्ही घरं एका बोअरचं पाणी प्यायची तेव्हा काकांच्या वडिलांनी टाकलेला. आमच्या अंगणात नवा बोअर झाला तेव्हा भिंतीजवळचा वॉल, म्हणजे पाइपावरची चावी, बंद केला गेला आणि पाइप सगळे विसरले. मला तर तो माहीतच नव्हता. वॉल बंद केला की पाणी थांबतं. लाईट थांबत नाही.

आज हे सगळं उघड आहे म्हणून सरळ सांगता येतं. तेव्हा फक्त मावशी होती आणि नळ होता.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ती भांडी घासता घासता उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "अवो, पानी चाबते मले."

काका जेवत होते. "पानी का कुत्रं हाय?"

"नळाले हात लावला का मुंग्या येतात. पार कोपरालोक."

"मंग भांडे घासू नोको. मी घासतो, तू जिनिंगमदे जाय."

धाकल्यांची बायको भिंतीवरून बोलली, "जाऊबाई, पानी चाबते म्हने, आन् आमच्या म्हशी तं रोज पिऊन राह्यल्या. त्याह्यले काहून नाई चाबत?" तिच्याकडे प्लास्टिकचा पाइप आणि सिमेंटची टाकी. तिला चावण्यासारखं काही नव्हतंच.

मी हसलो नाही. उठलो, टेस्टर घेतला, तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा असतो, आत लहान दिवा. नळाला लावला. दिवा लागला नाही. हाताने नळ धरला. काही नाही. पायात चप्पल होती, जाड रबराची. आमच्या धंद्यात चप्पल काढून कोणी लाईटीजवळ जात नाही, तेच पहिलं शिकवतात. आणि त्या टेस्टरचा दिवा थोड्या लाईटीला पेटतच नाही, त्याला भरपूर लागते. ओल्या फरशीवर अनवाणी उकिडव्या बसलेल्या बाईला त्याच्या निम्म्याने झटका बसतो. हे मला नंतर कळलं.

"मावशी, काही नाही," मी म्हणालो.

"मंग मले काहून?"

मी टेस्टर खिशात घातला. काका म्हणाले, "तपासलं ना त्यानं? झालं तं."

आणखी एक गोष्ट होती. शेतीच्या लाइनीला एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात धाकले दिवसा मोटार चालवायचे, म्हणजे मावशी नळावर असायची तेव्हाच. पण त्याच आठवड्यात सगळ्या शेतांतल्या मोटारी चालू असतात आणि बिघडतात, म्हणून मी सकाळी जो निघायचो तो अंधार पडताना यायचो. रात्रीच्या आठवड्यात मी दिवसा घरी असायचो. नळाला हात लावून बघायचो. काही नाही. पहिल्या दिवसानंतर मी आणखी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा चुकीच्या आठवड्यात. काका तर सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी आंघोळ करून निघालेले असायचे.

म्हणून बाहेरून असं दिसायचं की मावशीचे काही दिवस बरे जातात आणि काही दिवस तिच्या अंगात काहीतरी शिरतं.

तिने नळाला फडकं गुंडाळलं. फडकं ओलं झालं की आणखी चावायचं. मग ती काठीने तोटी फिरवायला लागली. मग सार्वजनिक हातपंपावरून घागरी आणायला लागली, अंगणात नळ असताना. गावाने ते पाहिलं. हातपंपावर बायकांनी विचारलं, "घरचं पानी आटलं का?" तिने खरं ते सांगितलं. ती खोटं बोलायला कधी शिकलीच नव्हती.

पाण्याचं भेव घेतलं म्हटल्यावर कोणीतरी काकांना गाठलं. पिसायलेलं कुत्रं तं नाई चाबलं कधी? काकांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी ते तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिच्या हातापायावरचे सगळे ओरखडे दाखवले, आणि खबरदारी म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. ती निमूट घेत होती. शेवटच्याला म्हणाली, "कुत्र्यानं नाई चाबलं हो. पान्यानं चाबलं." नर्स हसली. वाईट नव्हती ती बाई, हसू आलं म्हणून हसली.

धाकल्यांनी एक बाबा सुचवला. काका म्हणाले, "आपल्या घरात ते होत नाई. डॉक्टरले दाखवू."

काकांचं हे बोलणं आठवलं की मला आजही त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. बाबाने एखादा धागा बांधला असता आणि सोडलं असतं. डॉक्टरने गोळ्या दिल्या.

यवतमाळला मीही सोबत गेलो. एसटीत मावशी खिडकीजवळ, मधे मी, पलीकडे काका. डॉक्टर मनाच्या आजारांचे होते, वयस्कर, शांत. त्यांनी तिला बराच वेळ बोलू दिलं. मग काकांकडे वळून विचारलं, "घरातलं वायरिंग तपासून घेतलं का?"

त्यांनी विचारलं होतं. हे मला लिहिलंच पाहिजे. सगळ्या माणसांत योग्य प्रश्न त्या एका माणसाने विचारला.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे घरचेच हायेत, साहेब. इलेक्ट्रिशियन. तीनदा तपासलं यायनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी, खरं सांगतो, धाकल्यांचं केसिंग माझ्या डोळ्यासमोर येऊन गेलं. तांब्याची तार, मिठाचं पाणी. आलं आणि गेलं. मी मनात म्हटलं, जमीन पिते. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ते माझ्या हातचं काम निघालं तर या घरात मी कोणत्या तोंडाने जेवू, ही. जगात माझं दुसरं ताट कुठे नव्हतं.

"होय," मी म्हणालो. "काही नाही तिथं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत मास्तरांनी गणित तपासून दिल्यावर पोर वहीकडे बघतं तसं.

परत येताना दारव्हा गेल्यावर ती म्हणाली, "तू म्हनतो तं नसनच."

गोळ्यांनी ती झोपायला लागली. सकाळी उशिरा उठायची, हात थरथरायचे. दोन ताटं फुटली, एक काचेची बरणी. वंदनेला बसायची पण ओठ हलायचे नाहीत. मुलगी आली आणि तिला पंधरा दिवस पुसदला घेऊन गेली. तिथे ती ठीक होती. धुणीभांडी करत होती, नळाखाली बसून आंघोळ करत होती. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, आई तं एकदम मस्त आहे." आम्ही म्हणालो, गोळ्या लागू पडल्या.

घरी आली. तो रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता. चार दिवस चांगले गेले, मग आठवडा बदलला. सोमवारी सकाळी मी कामाला निघताना ती नळापासून दोन हात दूर उभी होती, हातात रिकामी बादली. तिने मला काही सांगितलं नाही. आता ती सांगत नसे. माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली आणि डोक्याला बोट लावलं, म्हणजे इथलंच आहे, मला कळतं, तू जा.

मी गेलो.

हरभऱ्याचे घाटे भरत आले होते त्या दिवसांत. एका शेतात मोटार अडकली होती, आम्ही चौघं ओढत होतो. पाणी दिलेल्या काळ्या मातीत पाय रुतला आणि चपलेचा पट्टा तुटला. दुसरी चप्पल घ्यायला भर दुपारी घरी आलो. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. मावशी आत गोळी घेऊन झोपली होती. मी नळावर गेलो, फरशीवर उभा राहून तोटीला हात घातला.

कोपरापर्यंत आलं ते. तिने सांगितलं होतं तसंच, तिथपर्यंतच.

मी हात काढला. परत लावला, बोटाच्या मागच्या बाजूने. आलं. भिंतीपलीकडे धाकल्यांची मोटार चालू होती, तिचा आवाज रोजचा, म्हणून कानाला ऐकू येत नव्हता. मी भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेलो आणि स्टार्टर बंद केला. परत आलो, नळ धरला. काही नाही. परत गेलो, चालू केला.

"काय करून राह्यला बे तू?" धाकले चाऱ्यातून ओरडले. "मोटार जाळतं का माही?"

आलो आणि नळ धरला, आणि या वेळी सोडला नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. मावशीने तीन महिने रोज जेवढं घेतलं त्यातलं थोडं तरी घ्यावं असं काहीतरी डोक्यात होतं. मूर्खपणाच तो. धाकल्यांनी येऊन मला मागे ओढलं.

"मेला असता ना लेका."

"धाकले, मावशीला पाणी चावतं."

"हाव, ते सगळ्याले माहीत हाय."

"नाही. खरंच चावतं."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं गाव मावशीकडे पाहत होतं. अर्धा दिवसच मला ते सोसावं लागलं. दिग्रसहून मिस्त्रीचा मीटर आणला. नळ आणि ओली फरशी, मधे अठ्ठावीस व्होल्ट. मोटार बंद, शून्य. मग सब्बल घेऊन भिंतीजवळ खणलं, तेव्हा हातभर खाली तो जुना पाइप लागला. संध्याकाळी काका आले, खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले.

"अरे हाव," ते हळूच म्हणाले. "हा तं बाबानं टाकलता."

मी तार केसिंगवरून काढली. पाइप दोन ठिकाणी कापला. धाकले पाइप धरून बसले होते. चाऱ्याला पाणी कसं द्यायचं हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि ते मी त्यांच्या नावावर जमा धरतो. काका ओसरीवर बसले. मला वाटलं आता मला निघ म्हणतील. मी पिशवी कुठे ठेवली आहे ते आठवत होतो.

"तिले तू सांग," एवढंच म्हणाले. "सकाळी. चांगली जागी असन तवा."

सकाळी मी सांगितलं. ती चुलीपाशी पाटावर बसली होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. काका दाराशी उभे. मी केसिंग सांगितलं, तार सांगितली, पाइप सांगितला, माझी चप्पल सांगितली. मीच बांधली होती, असं तीनदा म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नाई बाबू," ती म्हणाली. "ते माह्या डोक्शातच हाय."

"मावशी, मीटरवर आलं. अठ्ठावीस."

"तूच तं म्हनला होता काही नाई."

"मी चुकलो."

"तू कायले चुकशीन. घरातून निंगताना तीनदा बटन पाह्यतं तू." तिने कप खाली ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी तुले तापात पाह्यलं, थे फेडून राह्यला का? माह्या नावाचं तुह्या आंगावर घेऊन राह्यला?"

मी काकांकडे पाहिलं. काका पुढे आले. "अवं, खरं सांगते तो. मी सवता पाइप पाह्यला."

"तुमी दोघं बी चांगले हा," ती म्हणाली. आम्ही तिच्यासाठी घरात ठरवून एक नाटक करतो आहोत आणि ते तिला कळलं आहे, असा तो आवाज होता. "पन मंग आता काहून चाबते?"

"आता नाही चावणार."

ती उठली. तिघंही अंगणात गेलो. फरशी ओली होती. तिने चप्पल काढली, कारण काढायचीच तिची सवय, आणि नळाला हात लावला. खांद्यापर्यंत दचकली आणि हात ओढून घेतला.

धाकल्यांची मोटार बंद होती. तिचा फ्यूजच माझ्या खिशात होता. मी मीटर लावला. शून्य. मी अनवाणी झालो, नळ धरला. थंड लोखंड, बाकी काही नाही.

"तुले लागते का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो असतो तर ते खोटं होतं, आणि नाही म्हणणं तर मी आधीच एकदा तिच्या तोंडावर म्हटलेलं होतं. मी नळ सोडला. तिने मान हलवली, म्हणजे असू दे, आणि बादली घेऊन हातपंपाकडे निघाली.

डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी जुनी चिठ्ठी समोर ओढली. मग म्हणाले, गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. तीन महिने जे अंगाने शिकलं ते विसरायला वेळ लागतो. किती वेळ, काकांनी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतर मी आठवायला बसलो. आठ वर्षांत मी स्वतःच्या हाताने किती केसिंगना तार बांधली? आठवली तेवढी अकरा, आजूबाजूच्या सहा गावांत. एकेकाकडे जायला लागलो. दोघांनी काढू दिली. बाकीच्यांनी चहा पाजला.

"कोनाले चाबलं का आजलोक?"

"आमच्या मावशीला."

"हाव, पन तुह्या मावशीचं वेगयं हाय ना. तिची ट्रीटमेंट चालू हाय यवतमायले."

आधी तिला पाणी चावतं म्हणून ती वेडी ठरली, आणि आता ती वेडी म्हणून पाणी चावत नाही असं ठरलं. मी मीटर दाखवायचो. लोक म्हणायचे, दाखवतो रे काटा काहीबाही, पानी तं येऊन राह्यलं ना. लाइनमनला मी सात वेळा फोन केला, तुटलेली न्यूट्रल जोड म्हणून. येतो म्हणतो. त्याच्याकडेही बारा-पंधरा गावं आहेत. पंधरा दिवसांनी धाकल्यांनी शेताच्या टोकाला एक सळई ठोकून त्यावर तार बांधली. मी बांधून दिली नाही, पण काढूनही घेतली नाही. त्यांचा चारा वाळत होता, म्हशी आटल्या होत्या. ती सळई आता कोणाच्या पाइपाला लाईट देते, मला माहीत नाही.

सातव्या की आठव्या घरी गेलो तेव्हा दिवसाचा आठवडा होता, मोटार चालू. घरमालकाने नळ दाखवला. मीटर वीसच्या वर गेला. अंगणात त्याची सून कपडे पिळत होती, अनवाणी, हात कोपरापर्यंत ओले. मी तिला विचारलं, "ताई, नळाला हात लावल्यावर कधी मुंग्या येतात का?"

तिने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडे. आमच्या मावशीची गोष्ट सहाही गावांत पोचलेली होती.

"नाई बापा," ती घाईने म्हणाली. "मले काही नाई होत. मी चांगली हाय."

आणि कपडे तसेच ठेवून आत गेली. पिळलेला एक टॉवेल नळावर टाकलेला होता, घडी करून, तोटीभोवती नीट गुंडाळलेला.

"पाह्यलं?" सासरा म्हणाला. "तुह्यानं भल्या घरच्या बायाह्यले भेव लागून राह्यलं. तार राहू दे."

मी तार राहू दिली नाही. तो बोलत असतानाच पक्कड घातली आणि तोडली. त्याने मला दोन शिव्या दिल्या, त्याच्या मुलाने अंगणाबाहेर काढलं, आणि मी गावाबाहेर पडायच्या आत त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं असेल. तार तोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच बांधायला लागतो.

घरी आलो. मावशी ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. आताशा ती जास्त जागी असते, गोळी अर्धी झाली आहे. मी तिला त्या सुनेचं सांगितलं. तिला सांगायचं काही ठरवलं नव्हतं. तो टॉवेल डोक्यातून जात नव्हता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

डाळ निवडायची थांबली. "कोन्या गावची?"

मी सांगितलं.

तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "तिले लागते," ती म्हणाली. "फडकं उगाच नाई गुंडायत कोनी."

"होय, मावशी. मीटरवरही आलं."

"तिच्या घरच्याले सांगजो, तिले गोया देऊ नोका म्हना."

मी वाट पाहिली की आता ती पुढचं वाक्य म्हणेल, स्वतःबद्दलचं. तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली, फळीवरची गोळ्यांची पट्टी काढली. बोटाने अर्धी गोळी मोडली. हातपंपावरून आणलेल्या घागरीतून पेला भरला, गोळी घेतली, आणि परत येऊन डाळ निवडायला बसली.